मुरारीने मॉनिटर घेतला त्याची गोष्ट

एकोडीच्या ढिवर मोहल्ल्यात मासोळीचे वाटे पडतात तेव्हा मुरारी पाठमोरा बसतो. तलावातून निघालेली सारी मासोळी ताडपत्रीवर ओततात, जितकी घरं तितके वाटे करतात आणि एक जण वाट्यावर हात ठेवून विचारतो, "हा कोनाचा?" पाठमोऱ्या मुरारीच्या तोंडून जे नाव निघेल, वाटा त्याचा. मग त्यात रोहू येवो की नुसती चिल्लर मासोळी, हूं की चूं करायचं नाही. माणूस तसा महातिरसट, साधं बोलला तरी अंगावर आल्यासारखा. पण मुरारीने कधी मागे वळून पाहिलं, असं त्याचा वैरीही म्हणणार नाही.

असा हा मुरारी त्या दिवशी भंडाऱ्यात नंदलालशेटच्या कंप्युटरच्या दुकानात, चपला दाराबाहेर काढून उभा होता. सोबत धाकटी लेक डिंपल.

डिंपल कॉलेज करता करता बंदुकांचा गेम खेळते, आणि खेळते म्हणजे चांगलीच खेळते. नागपूरच्या एका टीमने तिला घ्यायचं कबूल केलं होतं, पण अट घातली होती: रविवारच्या सामन्याआधी वेगवान मॉनिटर पाहिजे, नाहीतर जागा दुसऱ्याची. घरचा जुना मॉनिटर सेकंदाला साठ चित्रं दाखवायचा. कोपऱ्यातून शत्रू निघायचा आणि तो हिला दिसेपर्यंत ही मेलेली असायची. नवा पाहिजे होता एकशे पासष्टचा. हे तिने बापाला किती वेळा समजावलं! बापाचं उत्तर ठरलेलं, "डोळे फाडून पाय ना मंग! नवा मॉनिटर कायले?"

तरी आला होता. का आला, हे त्याने कोणाला सांगितलं नाही आणि विचारायची कोणाची छातीही नव्हती.

नंदलालशेटने दोन मॉनिटर एकाच कंप्युटरला जोडून शेजारी शेजारी ठेवले होते. एकाच कंपनीचे, एकाच मापाचे. एक साधा साठचा, दुसरा एकशे पासष्टचा. "पाहा भाऊ, मख्खन आहे मख्खन," म्हणत त्याने माऊस फिरवला. मुरारीने डोळे बारीक केले, जवळ गेला, मागे सरकला. दोन्हीकडे तोच बाण पळत होता.

"मले त दोन्ही सारखेच दिसून राह्यले."

"भाऊ, ते जाणकारालेच कळते."

झालं! हे वाक्य मुरारीच्या डोक्यात गेलं. जाणकार म्हणवून गळा कापणारे बाजारात पायलीचे पन्नास भेटतात, हे त्याला चांगलं ठाऊक होतं.

"मंग वाटे टाकू," तो म्हणाला.

नंदलालशेटला काही कळलं नाही. डिंपलला कळलं आणि तिचा चेहराच उतरला.

मुरारीने कायदा सांगितला. नावाच्या पट्ट्यांवर कागद चिकटवायचे. डिंपलने दाराकडे तोंड करायचं. शेटने मॉनिटरांची अदलाबदल करायची, किंवा मनात आलं तर नाही करायची. मग तिने वळून, माऊस फिरवून, वेगवान असेल त्यावर हात ठेवायचा. एकदाच. बरोबर निघाला तर मॉनिटर घरी. चुकला तर या गोष्टीचं घरात पुन्हा नाव काढायचं नाही.

"बाबा, पण..."

"एकदा हात ठेवला का ठेवला. फिर तिकडे."

डिंपल फिरली. आणि सवयच ती, मुरारीनेही पाठ फिरवली! मागे टेबलावर काहीतरी सरकल्याचा आवाज आला. खरं सांगायचं तर पोरगी जिंकावी म्हणून त्याचा जीव टांगणीला लागला होता. तिचा हात धरून बरोबर जागी नेऊन ठेवावा, असंही मनात आलं. पण कोणता बरोबर, हे आता त्यालाही माहीत नव्हतं.

"हं, पाहा," शेट म्हणाला.

डिंपलने डावीकडे माऊस गोल फिरवला. उजवीकडे फिरवला. पुन्हा डावीकडे. एक खिडकी धरून जोरजोराने इकडेतिकडे ओढली. तिच्या कपाळावर घाम आला. मग तिने माऊस सोडला आणि दोन्ही हात पाठीमागे घेतले.

"बाबा, यात वेगवान एकही नाही."

नंदलालशेट खो खो हसला. "घ्या! पोरीलेच फरक कळत नाही भाऊ."

"हात ठेव," मुरारी म्हणाला.

"कशावर ठेवू? दोन्ही साठवरच चालून राह्यले."

"वाट्याले नाव देल्याबिगर उठता येत नाही! ठेव हात!"

प्रिंटरपाशी उभी असलेली एक बाई दचकून वळली. डिंपलच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं, पण हात काही पुढे आला नाही.

"खोटा हात नाही ठेवत मी."

भर दुकानात पोरीने नाक कापलं! मुरारीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "चाल. झालं तुह्या मॉनिटरचं," म्हणत तो तरातरा दाराबाहेर गेला आणि एका चपलेत पाय घातला.

दुसरी चप्पल मात्र पायात जाईना. पोरीने डोळे मिटून कुठेही हात ठेवला असता तरी अर्धा डाव तिचाच होता. मोठ्या वाट्यावर हात आला की त्याने आपलंच नाव घ्यावं म्हणून मागून खोकणारे, घसा खाकरणारे मुरारीने जन्मभर ऐकले होते. एका मासोळीसाठी माणसं इतकी लबाडी करतात! आणि हिचा रविवार चालला, टीम चालली, तरी हिने हात ठेवला नाही.

तो तसाच एका चपलेनिशी आत आला.

"शेटजी, पोरगी म्हणते ते एकदा तपासा."

"अहो भाऊ, आमच्यावर शक?"

"तपासा म्हणतो ना!"

नंदलालशेटने तोंड वाकडं करत सेटिंग उघडलं. डिंपलने लांबूनच बोट दाखवलं. मॉनिटर एकशे पासष्टचा होता खरा, पण कंप्युटर त्याला साठच पाठवत होता. तो आकडा एकदा हाताने बदलावा लागतो.

"अरे बापा!" शेटने कपाळावर हात मारला. माणूस लबाड नव्हता, घाईत विसरला होता. "कालच जोडला, राहूनच गेलं. माफ करा ताई." त्याने आकडा बदलला.

मुरारीच्या छातीवरचं ओझं उतरलं. "आता टाका वाटे," तो खुशीत म्हणाला. "फिर बेटा."

"नाही फिरत."

आवाज हळू होता, पण दुकानात सगळ्यांना ऐकू गेला.

"एकदा सांगतलं, ते खरं निघालं. आता मानाचं असन त माना, नाही त चाला घरी."

मोहल्ल्यात मुरारीशी असं बोलायची कोणाची बिशाद नाही. त्याचा राग पार गळ्यापर्यंत आला. पण ओरडायचं कशावर? पोरगी खरी होती आणि त्याने तिला चार लोकांत रडवलं होतं. तो टेबलापाशी गेला आणि स्वतः माऊस हातात घेतला. इकडे फिरवला, तिकडे फिरवला. निदान आता तरी दिसावं, अगदी मनापासून त्याला वाटत होतं. डोळ्यांत पाणी येईस्तोवर तो पाहत राहिला. दोन्हीकडे तोच बाण पळत होता.

"आता दिसला ना भाऊ फरक?" नंदलालशेटने विचारलं.

हो म्हणायला काय लागत होतं! मुरारीने डिंपलकडे पाहिलं. ती ओढणीने डोळे पुसत होती.

"नाही दिसला," तो म्हणाला. "बांधा."