माझा न भागणारा स्टाफ नंबर

हसायचं तर आत्ताच हसून घ्या! मध्येच खिदळलात तर पुढचं सांगायची हिंमत व्हायची नाही माझी.

भोपाळला आमच्या कारखान्याच्या टाउनशिपमध्ये माणसाला नावाने विचारतो कोण? दवाखाना असो की कँटीन, आधी स्टाफ नंबर! माझा होता १०२२११७. एका दुपारी काम नव्हतं, म्हणून कॅल्क्युलेटरवर त्यालाच भागत बसलो. तीनने जाईना, सातने जाईना, सतराने जाईना. सत्त्याण्णवपर्यंत पोचलो आणि चहा आला. झालं! मी जाहीर करून टाकलं, "माझा नंबर मूळ संख्या आहे. त्याला भागायची कुणाच्या बापाची टाप नाही!"

शेजारच्या शुक्लाजींनी हे फारच मनावर घेतलं. "पाध्ये साब, जिसका नंबर नहीं टूटता, उसके हाथ का नारियल तो शुभ ही होगा!" त्यांच्या नव्या गाडीचा नारळ मी फोडला. मग कुणाचा फ्रिज, कुणाचा कूलर... मला लाज वाटावी की नाही? छे! मी इस्त्रीचा शर्ट घालून जायला लागलो.

अशात चार इमलीतल्या, म्हणजे बड्या अधिकाऱ्यांच्या वस्तीतल्या, एका साहेबांच्या मुलीचं स्थळ आलं. मीनल. कॉलेजात गणित शिकवायची. फोटो पाहिला आणि मी खलास! "हिने नाही म्हटलं तर मी लग्नच करणार नाही," असं आईला सांगूनच निघालो. गाडी अर्थात शुक्लाजींची, आणि बरोबर आई नि शुक्लाजीही.

पोहे आले न आले तोच ते म्हणाले, "लड़के का नंबर अभाज्य है जी!"

मीनलने मान वर केली. "कोणता नंबर?"

मी ऐटीत सांगितला. वर आणखी, "भागून दाखवा, मी आल्या पावली परत जाईन!" आईने कोपराने ढोसलं, पण ऐकतो कोण?

तिने तळहातावर बोटाने काही आकडे गिरवले. "कुठपर्यंत भागून पाहिलंत?"

"सत्त्याण्णव."

"हजाराच्या पुढे जायला हवं होतं. तुमचा नंबर एक हजार अकराच्या वर्गापेक्षा फक्त चारने कमी आहे. म्हणजे दोनने कमी गुणिले दोनने जास्त, एक हजार नऊ गुणिले एक हजार तेरा."

शुक्लाजींनी वर्तमानपत्राच्या कडेला गुणाकार केला. चेहरा पडला. "बराबर है... अब मेरी गाड़ी का क्या होगा?"

त्यांना गाडीची पडली होती हो! इथे माझा संसार बुडत होता! पण बोलून बसलो होतो ना? पोहे तसेच टाकून उठलो. परतीच्या वाटेवर मला रडूच फुटायचं बाकी होतं.

दुसऱ्या दिवशी तिचे वडील आमच्या क्वार्टरवर हजर. "मुलगी हो म्हणते."

"अहो, पण काल एवढं..."

"मीही तेच विचारलं. म्हणाली, 'बाबा, बाकीच्यांची खोट लग्नानंतर कळते. ठासून बोलायचं आणि काम अर्ध्यात सोडायचं, ही ह्यांची पोह्यांबरोबरच कळली. शिवाय लपवायची अक्कलही नाही. असा माणूस पुन्हा मिळायचा नाही!'"