रुमालाखालचा भाव

माझ्या मामेसासऱ्यांइतका संशयी माणूस अख्ख्या खानदेशात झाला नसेल, आणि झालाच असेल तर तो मामांना एखादा बैल विकून गेला असेल. अमळनेरच्या बैलबाजारात त्यांनी उभं आयुष्य दलाली केली. घेणाऱ्या-विकणाऱ्याचे हात रुमालाखाली, तोंडं गप्प, आणि बोटं धरून ठरलेला भाव. जगात एवढंच खरं, बाकी सगळ्या थापा, हे त्यांचं तत्त्वज्ञान. सरकारनं बाजाराला कुंपण घालावं आणि घरी जाऊन झोपावं, असं ते दर भेटीत सांगतात. मी सरकारी नोकर असल्यामुळे 'झोपावं' म्हणताना माझ्याकडे बघतात. 'फुकट' शब्द कानावर पडला की त्यांचा हात आधी खिशावर जातो. पंचाहत्तरी उलटल्यावर एसटी फुकट झाली, तर हे धुळ्याच्या गाडीत कंडक्टरशी भांडले. "पूर्ण तिकीट दे. आज फुकट नेशील, उद्या तुझ्या साहेबासाठी मत मागशील." कंडक्टर म्हणाला, "आबा, आमचा साहेब डेपोत बसतो, तो कुठे उभा राहतोय?" त्यानं मामांचा संशय आणखी वाढला. मत मात्र ते न चुकता देतात, जो काहीच फुकट वाटणार नाही त्याला. असा उमेदवार अजून निघालेला नाही, म्हणून कोणाला दिलं ते मामींनाही सांगत नसत.

अशा माणसावर काय वेळ यावी! मामींचं धुळ्याला ऑपरेशन निघालं, रक्त लागलं आणि घरात कोणाचंच जुळेना. तेव्हा गल्लीतले गादीवाले सलीमभाई दुकान बंद करून आले, रक्त दिलं आणि मिळेल त्या गाडीनं परत गेले. मामी वाचल्या, पण मामांची झोप उडाली. भाव न ठरवता कोणी असं देतो म्हणजे पुढे काहीतरी मोठं मागणार, यात त्यांना शंकाच नव्हती. आधी वाटलं, गिऱ्हाईक पटवतोय. म्हणून त्यांनी आपणहून जाऊन घरातल्या सगळ्या गाद्या नव्या करायला सांगितल्या. सलीमभाईंनी गाद्या चाचपल्या आणि म्हणाले, "नाना, कापूस चांगला शे. पिंजी देस, नव्या कशाले?" मामा घरी आले ते घाबरूनच.

तेव्हापासून ते रोज संध्याकाळी सलीमभाईंच्या दुकानाच्या पायरीवर बसू लागले, नजर ठेवायला. मामी हसायच्या. "नजर ठेवता आणि चहाही त्याचाच पिता?" मामा म्हणायचे, "चहा नाही घेतला तर त्याला संशय येईल." मला मात्र एकदा हळूच म्हणाले, "जावईबापू, हा मागतच नाही हो. मागितलं असतं तर देऊन मोकळा झालो असतो." फसवलं जाण्याची भीती त्यांना कधी नव्हतीच, हे मला त्या दिवशी कळलं आणि फार वाईट वाटलं.

गेल्या हिवाळ्यात मामी गेल्या. भेटायला आलेली मंडळी उठली, तरी सलीमभाई ओट्यावर बसून होते. मामांनी खांद्यावरचा रुमाल काढला, हातावर टाकला आणि त्यांच्यापुढे धरला.

"सलीम, आते तरी सांग. काय शे तुना मनमा? तोंडवरी सांगाले लाज वाटत व्हई ते बोट धर."

सलीमभाईंनी रुमालाखाली हात घातला. ओट्यावर अंधार पडला तरी दोघांचे हात रुमालाखालीच होते.

ते गेल्यावर मामांनी मला जवळ बोलावलं. "पाचही बोटं धरली त्यानं. म्हणजे पाच. पण पाच काय, ते बोललाच नाही. आणि हातही सोडला नाही."

"मग तुम्ही काय केलंत?"

मामा रुमालाची घडी घालत राहिले. मग म्हणाले, "मी तरी कसा सोडणार? आधी हात काढला की सौदा मोडतो."

अजूनही ते रोज त्या पायरीवर जाऊन बसतात.