जाळीच्या खोलीतली अळी

त्या वर्षी दसऱ्याच्या आधी माझी थोरली बहीण तेल्हाऱ्याहून अमरावतीला आली, ती आपल्या मुलीला परत नेण्यासाठी. भाची माझ्याकडे राहून कॉलेजात प्राणिशास्त्र शिकत होती. तिकडे एक स्थळ चालून आले होते. भरलेली ट्रंक ओसरीत तयार होती. मुलीचे शिक्षण पुरे होऊ द्यावे, असे बहिणीला सांगण्याचे मी भाचीजवळ कबूल केले होते. पण सकाळपासून माझ्या तोंडून शब्द फुटला नव्हता.

मोटारीला अवकाश होता, म्हणून भाची आम्हांला कॉलेजचे संग्रहालय दाखवायला घेऊन गेली. भुसा भरलेले पक्षी मागे टाकले की व्हरांड्यात तारेच्या जाळीची एक खोली होती. आत कागदी लिंबाची रोपे आणि त्यांवर जिवंत फुलपाखरे. भाचीनेच ती अंड्यांपासून वाढवलेली. बहीण हरखून पाहत राहिली. मी मात्र छत्री या हातातून त्या हातात घेत होतो. एवढे फुलपाखरू बसले की बोलावे, असे मनाशी म्हणत होतो. ते बसे, पुन्हा उडे.

तेवढ्यात बहिणीने पानावरची एक हिरवी अळी चिमटीत धरली आणि चिरडली. कपाशीत जन्म गेलेल्या बाईचा तो हात. विचारायला थांबला नाही.

"माय! तिचंच फुलपाखरू होते ना!"

"बाप तिकडे अळ्या वेचू वेचू कुबडा झाला, अन् लेक इकडे त्याइले पानं चारून राहिली! काहून रे भाऊ, तुले काई वाटत नाई?"

हीच माझी वेळ होती. मी म्हणालो, "ताई, मोटारीची वेळ होत आली."

भाचीने माझ्याकडे एकदाच पाहिले आणि ती आईकडे वळली. "हे निंबूचं पान खाते, माय. उपाशी मरीन, पन कपाशीले तोंड लावत नाई."

"मंग बोंडातली?"

"तिचं पाखरू येगळं. रातचं येते, अंडे घालून जाते."

"कसं असते ते?"

"अजून तेवढं शिकली नाई मी."

बहीण बराच वेळ बोटे पदराला पुसत राहिली. मग म्हणाली, "ते शिकून घे. पाहुण्याइले सांगू, थांबा. नाई थांबले तं जाऊ दे."

मोटारीत ती एकटीच चढली. घरी आल्यावर मी ट्रंक आत नेण्यासाठी वाकलो.

"राहू द्या मामा," भाची म्हणाली, "नेईन मीच."

आवाजात राग नव्हता. असता तर मला बरे वाटले असते.