ओव्याचा धूर आणि बंद खिडकी

शेजारच्या घरात आज कुणीतरी निखाऱ्यावर ओवा टाकला आणि मला पुसेगावची आमची खोली आठवली. कडाक्याची थंडी होती, धाकटा भाऊ खोकत होता. "लेकराला वारं लागू देऊ नका," म्हणत आईनं खिडकीच्या फटींत चिंध्या कोंबल्या, ओव्याचा धूर केला आणि आम्हा भावंडांना एकाच वाकळेत निजवलं. भावाचा गरम श्वास माझ्या मानेवर येत होता.

आठवडाभरात सगळं घर खोकू लागलं. "एवढी थंडी काहून बाधून राहिली?" म्हणत आईनं चिंध्या आणखी घट्ट केल्या. खोकला त्या कोंडलेल्या हवेतच फिरत होता, हे आता कळतं.

आज मलाही खोकला आहे. डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे खिडकी सताड उघडी ठेवली आहे. पण माझा खोकला लागेल असं या घरात कुणीच नाही.