सुकाणूवरचा हात

वळण आलं की तो आधी आपल्या हातांना बजावायचा, "डावीकडं म्हणजे डावीकडंच. ऐकलं?" मग गाडी उजवीकडं जायची.

"मी सांगितलेलं मास्तर, हातानं ऐकलं नाय!"

तो मनोरीचा कोळी, जन्मभर होडीवर तांडेल. सुकाणू उजवीकडं दाबलं की होडी डावीकडं वळते, हे तुम्ही पाहिलं असेल. मोटारीचं चाक तसं नसतं. मालाडच्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये आम्ही एकदमच दाखल झालो. संपात माझी गिरणी गेली, वाटणीत त्याची होडी भावाकडं गेली. बर्फाच्या कारखान्याला टेम्पोवर एकच ड्रायव्हर हवा होता. आधी पास होईल त्याला नोकरी.

मी एकही वळण चुकत नव्हतो. तरी मास्तरांचा चहा त्याच्याबरोबर. चुकायचा तो, आणि सगळे त्याच्यावरच खूश. त्याची बायको मासळी विकून परतताना रिकामी पाटी घेऊन स्कूलच्या फाटकाशी थांबायची. गाडी नुसती सरळ गेली तरी हसायची. माझ्या घरी "झालास का पास?" एवढंच. मला ते हसू बघवत नसे.

एकदा मास्तर गमतीनं ओरडले, "तांडेल, खडक!" त्याचे हात थेट समुद्रावर गेले आणि गाडी गटारात. "परत कुणी असं ओरडू नका रे," मास्तरांनी ताकीद दिली.

परीक्षेच्या दिवशी आरटीओचे साहेब त्याच्या शेजारी, मी मागच्या सीटवर. तो सुरेख चालवत होता. पुढं डाव्या अंगाला रिकामी हातगाडी उभी होती. तोंडून निघून गेलं, असं मी आजवर स्वतःला सांगत आलो. खोटं आहे. मी ठरवून ओरडलो.

"तांडेल, खडक!"

होडीच्या सवयीनं चाक डावीकडं फिरलं. हातगाडी मोडली.

"चेष्टा करतो हा नेहमी, साहेब," त्यानंच मला सांभाळून घेतलं. खाली उतरल्यावर पाठीवर थाप मारून म्हणाला, "तू तरी पास हो रे!"

झालो.

पुढं एकदा मार्व्याच्या धक्क्यावर मी टेम्पोतून बर्फ उतरवत होतो. त्याच्या भावाची होडी मनोरीला निघायच्या बेतात होती. सुकाणूवर भाऊ, आणि हा पुढं, उतारूंमध्ये बसलेला.

"तू का नाय धरलंस सुकाणू?" मी विचारलं.

"मोटार शिकलो ना! आता हितं पण हात गोंधळतो."

"अरे, त्या दिवशी मी..."

होडी सुटली. "काय?" त्यानं कानामागं हात धरून विचारलं. धक्क्यावर माणसं होती. मी नुसता हात हलवला.

त्यानंही हलवले, दोन्ही. मोकळेच होते.