सुभाषकाकांची अर्धी बॅग

सुभाषकाका तिसऱ्या महायुद्धाची तयारी करताहेत, ही बातमी लंडनजवळच्या स्लाऊमधल्या मराठी लोकांना पुरुषोत्तमकाकांनी दिली. पुरुषोत्तमकाका बातमी सांगायच्या आधी घसा खाकरतात, मग आवाज इतका खाली नेतात की समोरच्याला कान पुढे करावा लागतो, आणि मग मराठी मंडळाच्या सगळ्या हॉलला ऐकू जाईल असं कुजबुजतात. मी सांगितलं म्हणून सांगू नका, पण त्या माणसाने पलंगाखाली वर्षभराचा तांदूळ भरलाय. आठवड्याभरात तांदळाच्या सोबतीला गॅसचे सिलिंडर आले. मंडळाच्या पुढच्या कार्यक्रमापर्यंत काकांनी वेल्समध्ये डोंगराच्या पोटात एक खोलीही घेऊन ठेवली होती. एका काकूंनी तिथल्या शाळा कशा आहेत, अशी चौकशी केली.

खरी गोष्ट अशी की पलंगाखाली तांदूळ नव्हता. एक काळी बॅग होती, त्यांच्या मुलाची, सम्यकदादाची, कॉलेजच्या दिवसांतली, एका बाजूची चेन बिघडलेली. ती अर्धी रिकामी होती, आणि ती तशीच अर्धी रिकामी राहावी म्हणून काका जिवाचं रान करत होते. युद्धाशी त्यांचं काही देणंघेणं नव्हतं. त्यांना रविवार हवा होता. सम्यकदादाचा रविवार.

काका आमच्या वरच्या मजल्यावर राहतात, चौथ्या. मूळचे नागपूरचे, तिथल्या इंदोऱ्याचे. तरुणपणी इथे आले आणि सगळं आयुष्य ट्रेडिंग इस्टेट नावाच्या इथल्या औद्योगिक वसाहतीतल्या गोदामात फोर्कलिफ्ट चालवण्यात गेलं. इतकी वर्षं झाली तरी बोली इंदोऱ्यातच राहिली आहे, फक्त मध्ये मध्ये तिला स्लाऊ चिकटलंय. "काऊन वं पोट्टे, शाळेत नाई गेली? हाफ टर्म आहे, इनिट?" हे एका दमात म्हणणारा दुसरा माणूस मला अजून भेटलेला नाही. मी लोकांच्या नकला करते, आणि त्यांचा आवाज काढायला मला महिना लागला. काकू गेल्या त्यानंतरच्या हिवाळ्यात आम्ही इथे राहायला आलो, त्यामुळे काकूंचा आवाज माझ्याकडे नाही.

सम्यकदादा त्यांचा एकुलता मुलगा. बायको रचना, दोन मुलं, घर स्टॅनमोरला, नोकरी बँकेच्या कॉम्प्युटरमधली. ट्रॅफिक नसला तर पाऊण तासाचा रस्ता, पण सम्यकदादाच्या तोंडात ट्रॅफिक कायमच असतो. तो इथेच जन्मला, त्यामुळे त्याच्या मराठीत मीटिंग कधी पुरुष असते, कधी बाई. "माझा मीटिंग होता बाबा, खूप लांब चालली." त्याचा आवाज मला दोन दिवसांत जमला.

आधी तो महिन्यातून एकदा यायचा. कोट न काढता सोफ्याच्या कडेवर बसायचा. काकांनी केलेला चहा अर्धा प्यायचा. मग दोन्ही तळहात गुडघ्यांवर आपटून म्हणायचा, "राइट." हा शब्द तो इथल्या गोऱ्यांकडून शिकलाय. त्या एका शब्दात चहा छान होता, पार्किंगची वेळ संपत आली, पुन्हा भेटू, हे सगळं येतं आणि माणूस उठतो. काका त्या गुडघ्यांकडे बघत बसायचे. हात कोटाच्या खिशातून बाहेर आले की त्यांचं बोलणं एकदम भरभर व्हायचं, काहीतरी सांगायचं राहून जाईल तसं.

मग दोन वर्षांमागे वादळ झालं. आमच्या इमारतीची वीज गेली, लिफ्ट बंद पडली, आणि काकांचा मोबाइल चार्ज नसल्यामुळे मेला. दुपारभर फोन लागला नाही म्हणून सम्यकदादा घाबरून पायजम्यावर कोट घालून धावत आला, अंधारात चार मजले चढला. काका तीन स्वेटर घालून चिवडा खात बसले होते. तो त्यांच्याशेजारी जमिनीवर बसला आणि चक्क ओरडला. असं चालणार नाही, तुम्हाला सर्व्हायव्हल किट पाहिजे, सरकारनेच वेबसाइटवर लिहिलंय, टॉर्च, पाणी, रेडिओ. ओरडता ओरडता त्यानेही चिवड्यात हात घातला. कोट काढला. वीज आली तरी उठला नाही.

काका फार शिकलेले नाहीत, पण इतकं त्यांच्या तेव्हाच लक्षात आलं. किटचा विषय असेपर्यंत हा बसतो.

तर पुढच्या रविवारपासून वाद सुरू झाला. तयार किट विकत आणायचं की घरी जमवायचं. सम्यकदादा विकतच्या बाजूचा. एक क्लिक, दुसऱ्या दिवशी दारात. काका घरच्या बाजूचे. तुझ्या आईने कधी विकतचा मसाला या घरात येऊ दिला का, असं त्यांनी विचारलं. सम्यकदादा म्हणाला, "बाबा, तो मसाला आहे. हा इमर्जन्सी आहे." काकांना वाद जिंकायचाच नव्हता. त्यांनी सांगितलं की विचार करतो, पुढच्या रविवारी बोलू.

आणि मग प्रत्येक रविवारी ते एक वस्तू नापास करायला लागले. बॅटरीचा टॉर्च नको, सेल फुटून पाणी सुटतं. मग चावी फिरवायचा टॉर्च आला, तो दातांच्या डॉक्टरच्या मशीनसारखा आवाज करतो म्हणून परत गेला. पाण्याच्या बाटल्या जागा खातात. कॅन आणला तर तो धुणार कोण. रेडिओ चांगला होता, तर त्याचा रंग त्यांना आवडला नाही. सम्यकदादा चिडायचा, पण यायचा. कारण अर्धवट राहिलेलं काम त्याला चालत नाही, तो त्या बाबतीत काकांवरच गेलाय. एकदा दोघं मिळून दुकानात गेले आणि टॉर्चच्या रांगेत दुपार घालवून हात हलवत परत आले. संध्याकाळी काका आमच्या दारात उभे राहून आईला ते अशा थाटात सांगत होते की जणू दोघं काश्मीर बघून आलेत.

"राइट" पुढे सरकायला लागलं. आधी पहिल्या चहानंतर यायचं, मग दुसऱ्या चहानंतर, मग जेवणानंतर. एका रविवारी आलंच नाही, सम्यकदादा सोफ्यावर झोपून गेला. मला हे सगळं माहीत, कारण मी वर जाऊन ऐकायचे आणि नंतर काकांना त्याची नक्कल करून दाखवायचे. रडवेला चेहरा करून म्हणायचे, "बाबा, हा टॉर्चमध्ये काय प्रॉब्लेम आहे, रेटिंग बघा ना, फोर पॉइंट सेव्हन आहे." काका डोळे पुसेपर्यंत हसायचे आणि पुन्हा करायला लावायचे. मधल्या वारी दारात गाठूनसुद्धा करायला लावायचे.

बॅग अर्धीच राहिली. त्या अर्ध्या बॅगेवर पूर्ण एक वर्ष निघालं.

मग एका मंगळवारी कुरिअर आला. भगव्या रंगाची नवी कोरी बॅग, पाठीवर अडकवायची, बाहेर मोठ्या अक्षरात लिहिलेलं की बहात्तर तास, दोन माणसं. काकांनी मला बोलावून घेतलं आणि आम्ही ती टेबलावर उघडली. चांदीच्या कागदासारखं पांघरूण निघालं. शिट्टी, होकायंत्र, तारेची करवत, पाण्यात भिजवून खायच्या जेवणाची पाकिटं. एक छोटा टॉर्च. शेवटी मासे पकडायचा गळ निघाला, दोरीसकट. काकांनी गळ उचलला, खिडकीपाशी गेले, खाली पार्किंगकडे पाहिलं आणि म्हणाले की चौथ्या मजल्यावरून दोरी कमी पडते वाटतं.

मी हसले. तेही हसले. मग त्यांनी बॅग फिरवून बाहेरचं पुन्हा एकदा वाचलं.

"दोन मानसाईसाठी," ते म्हणाले. "दुसरा मानूस बी पाठवतात का याच्यात?"

संध्याकाळी सम्यकदादाचा फोन आला. त्याचा आवाज खूप दिवसांनी मोकळा होता. झालं बाबा, सॉर्टेड. आता तुम्हाला काळजी नको. मला पण नको. हे शेवटचं वाक्य तो अगदी प्रेमाने म्हणाला, आणि त्याला वाईट माणूस म्हणता येत नाही ते ह्याचमुळे.

पुढचा रविवार रिकामा गेला. काकांनी लगेच हार मानली नाही. त्यांनी फोन करून शिट्टी वाजत नाही अशी तक्रार केली. शिट्टी इतकी वाजायची की खालच्या मजल्यावरचा कुत्रा भुंकायचा. दुसऱ्या दिवशी कुरिअरने नवी शिट्टी आली. मग करवत तुटली म्हणून सांगितलं, करवत आली. मग काकांनी पाकिटांची तारीख संपल्याचं सांगून पाहिलं, तर पाकिटांबरोबर फोन चार्ज करायची एक बॅटरीही आली, भेट म्हणून. रविवारी मात्र कुणी येईना. डिलिव्हरीवाल्याची आणि काकांची इतकी ओळख झाली की तो यांच्याकडे चहा प्यायला लागला. तोही अर्धाच प्यायचा, त्याची व्हॅन खाली चालू असायची.

पुरुषोत्तमकाकांनी ती येणारी पार्सलं पाहिली आणि युद्धाची बातमी नव्याने सुरू केली.

ह्या जानेवारीत पुन्हा वादळ आलं, नेमकं रविवारी. दुपारी वीज गेली. आईने मला वर बघून यायला सांगितलं. काका स्वेटर घालून खुर्चीत बसले होते. भगवी बॅग दाराजवळ चेन लावलेली, जशीच्या तशी. फोन मांडीवर, पूर्ण चार्ज केलेला. टॉर्च लावू का, असं मी विचारलं, तर नको म्हणाले, अजून दिसते न.

मी म्हणाले, सम्यकदादा आत्ता निघालाच असेल. मागच्या वेळी आला होता की.

"नाई येत."

मी म्हणाले, येणार. पैज लावा.

काका वळून माझ्याकडे पाहायला लागले. पैज हा शब्द ऐकला की ते एकदम गोदामातले होतात, तिथे म्हणे सगळेजण सगळ्यावर पैजा लावायचे. मी जिंकले तर त्यांनी आमच्या सगळ्या घराला सावजी मटण करून घालायचं, असं मी म्हटलं. ते कबूल झाले. आणि मी हरले तर?

"हारली तं सम्यकचा आवाज काढाचा नाई. मंग कधीच नाई."

मला हे विचित्र वाटलं, कारण सगळ्यात जास्त तेच हसायचे. पण मी हरणार नव्हते, म्हणून हो म्हणून टाकलं. वर त्यांनी आणखी एक भर घातली. तो येणार नाही, फोन करेल, आणि फोनवर पहिलं वाक्य किटचंच असेल. मी म्हणाले, अजिबात नाही, पहिलं वाक्य "बाबा, यू ओके?" असणार, मी त्याचा वर्षभर अभ्यास केलाय. काका म्हणाले, ते तीस वर्षांपेक्षा जास्त करून राहिलेत.

आम्ही बसलो. खिडक्या थडथडत होत्या. एकदा खाली गाडी थांबल्याचा आवाज आला, मी उठून पाहिलं. काका उठले नाहीत, पण त्यांनी खुर्चीचा हात घट्ट धरला. दुसऱ्या मजल्यावरच्या बाई होत्या, खरेदीच्या पिशव्या घेऊन. मी तसं सांगितलं. काकांनी हात सोडला. चारच्या सुमाराला खोलीत अंधार झाला तरी त्यांनी टॉर्च लावू दिला नाही, आणि मीही विचारायचं बंद केलं.

मग फोन वाजला. त्यांनी स्पीकर लावला, पैज होती ना.

"बाबा, किट उघडला का?"

काकांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

"उघडला."

टॉर्च चालतो का, असं त्याने विचारलं. काका अंधारात बसून म्हणाले की चालतो, लय उजेड आहे. पलीकडे मुलांची मॅच चालू होती, टीव्हीवर लोक ओरडत होते. स्टॅनमोरला वीज होती. सम्यकदादा म्हणाला की रस्त्यावर झाडं पडलीत, पण तुम्ही म्हणाल तर येतो. काका म्हणाले, कायले येतं बाप्पा, समदं आहे माह्याकडं. सम्यकदादाने ग्रेट म्हटलं, गरम राहा म्हटलं, आणि फोन ठेवला.

मला इतका राग आला होता की मी त्यांच्यावरच घसरले. विचारलं, खोटं का बोललात? तो येतो म्हणाला होता. टॉर्च चालत नाही एवढं म्हटलं असतं तर तो आत्ता गाडीत असता.

"बोलावल्यावर तं अँब्युलन्स बी येते वं," काका म्हणाले. "मागच्या टाइमले माह्याकडं काहीच नोतं. तं आला."

मग त्यांनी अंधारातच हात पुढे केला. गोदामात पैज संपली की हात मिळवतात. मी हात दिला. त्यांचा हात थंडगार होता.

मी म्हणाले, ठीक आहे, नाही काढणार. पण का? तुम्हालाच तर आवडायचं.

"लय बरोबर काढते तू," ते म्हणाले. "खालून जिन्यात बोलली ना त्याच्यासारखी, तं मी दार उघडाले उठतो."

मी पैज हरले होते.