गाठीवरचा अंगठा

आमच्या कुत्रीच्या मागच्या मांडीवर सुपारीएवढी गाठ होती. माझे यजमान रोज सकाळी ती अंगठ्याने दाबून बघत. दाबली की ती लाल होऊन फुगे, आणि ते म्हणत, "वाढली गं." दोन दिवसांनी पुन्हा बसे. डॉक्टरांकडे नेऊ, नेऊ म्हणता म्हणता तेच गेले.

त्यानंतर आठवड्याच्या आत मी तिला आलापल्लीहून चंद्रपूरला नेलं. डॉक्टरांनी गाठीत सुई घालून नमुना तपासला. कर्करोग होता. या गाठीच्या पेशींत हिस्टमीन भरलेलं असतं, अंगावर पित्ताच्या गांधी उठवणारं. दाबलं की ते बाहेर पडतं. भुलीत, गाठ कापताना, ते एकदम रक्तात उतरलं तर रक्तदाब कोसळतो. म्हणून आधी अँटिहिस्टमीनचं इंजेक्शन.

"आपण सर्दीला घेतो त्याच जातीचं औषध," डॉक्टर म्हणाले. "धोका टळेलच असं छातीठोक सांगत नाही. पण दिल्याशिवाय चाकू लावणार नाही." मग केसपेपर ओढून विचारलं, "गाठ कोण दाबायचं?"

"मी," मी म्हणाले. यजमानांची काळजी कुठल्याही कागदावर चूक म्हणून लिहू देणार नव्हते.

शस्त्रक्रियेची तारीख मिळाली ती नेमकी यजमानांच्या पुण्यानुमोदनाची, गेलेल्याच्या नावाने वंदना आणि जेवण असतं त्या दिवसाची. गडचिरोलीहून आलेली नणंद चिडली.

"माणूस गेला, अन् तुमी कुत्रीले वाचवून राह्यल्या, वहिनी? लोक काय म्हणतीन?"

"गाठ लोकांसाठी थांबणार नाही, ताई."

"मंग तापल्या सळईनं डाग द्या ना. आमच्या बाबानं बैलाले दिला होता."

"आणि मेला ना तो?"

"मेला. म्हातारा होऊन मेला."

त्या दिवसांत पहिल्यांदा मला हसू आलं. तिलाही आलं असावं. तिने तोंड फिरवलं.

त्या दिवशी सकाळी बुद्धवंदना झाली. त्रिशरण, पंचशील म्हणून मी उठले, जेवण वाढायचं नणंदेवर सोपवलं आणि सगळ्यांदेखत कुत्रीला उचलून जीपमध्ये ठेवलं.  आष्टीचा पूल आला तरी जीप वळवा असं मी म्हणाले नाही.

डॉक्टरांनी मला दाराशी उभं राहू दिलं. आधी ते इंजेक्शन, मग भूल. गाठ मोकळी करताना मदतनीस म्हणाला, "सर, प्रेशर उतरून राह्यलं."

"सलाइन जोरात सोड."

मी त्या यंत्रावरचे आकडे बघत राहिले. उतरले, थबकले, मग हळूहळू चढले. एकदा माणूस हातचा गेला होता. यावेळी मी दार सोडणार नव्हते.

टाके पडल्यावर फोन वाजला. "जेवणं आटोपली," नणंद म्हणाली. "लोक विचारून राह्यले, वहिनी कुठी गेल्या. काय सांगू?"

"खरं ते सांगा. ती भुलीतून उठली की येते."

"अन् नाई उठली तं?"

"तरी तिला घेऊनच येईन."

 मग नणंद म्हणाली, "तुमचं ताट झाकून ठेवतो."

फोन ठेवून मी फरशीवर कुत्रीजवळ बसले. तिची पापणी हलली.